पहिलाच सप्टेंबर, धनुष्यबाण आणि एल्क: सरकारी जंगलात सुरुवात कशी करू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीजवळचा, गेली अडीच वर्षं डेन्व्हरच्या पूर्वेला ऑरोरात राहतो, एच-1बी व्हिसावर. ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने गेल्या वर्षी कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य) घेतला. हिवाळाभर रोज संध्याकाळी रेंजवर गेलो. आता 20 यार्डांवर बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात, 50 यार्डांवर जेवणाच्या ताटाएवढ्या.

यंदा कोलोरॅडोच्या आर्चरी सीझनला (फक्त धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम) एल्कसाठी, म्हणजे इथल्या मोठ्या हरणासाठी, जायचं ठरवतोय. रँचवर पैसे भरून गाइड घेणं मला परवडणारं नाही, त्यामुळे नॅशनल फॉरेस्टच. मित्राची बदली टेक्सासला झाली, म्हणजे मी एकटाच. घरात शिकारीची परंपरा नाही. बंदुकीची मला हौस नाही, पण धनुष्य हातात घेतलं की मन शांत होतं, हे खरं.

विचारायचं ते असं. व्हिसावर असताना हे चालतं का? टॅगचं, म्हणजे एक जनावर मारायच्या परवान्याचं, काय? 50 यार्डांपर्यंतचा नेम पुरेसा आहे का? आणि जनावर पडलंच, तर एकटा माणूस ते रानातून बाहेर काढतो कसं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा.

पूर्वरंग

कायद्यापुरतं मी सांगतो, शिकारीचं इतरांनी लिहावं.

एच-1बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसाधारकांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. धनुष्यबाण मुळात त्या कायद्याच्या 'फायरआर्म'च्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे तुमची अडचण नाही. पुढे कधी रायफल सीझनचा विचार आला तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

तुम्ही सहा महिन्यांहून जास्त काळ सलग कोलोरॅडोत राहिलात, म्हणजे रेसिडेंट म्हणून लायसन्स मिळेल. याला आता फार महत्त्व आलंय, कारण 2025पासून बाहेरच्या राज्यातल्या लोकांना आर्चरी एल्कचा टॅग दुकानातून थेट विकत मिळणं राज्याच्या बहुतेक भागात बंद झालं, त्यांना ड्रॉमध्ये (सोडतीत) अर्ज करावा लागतो. 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. ते आत्ताच करून घ्या, उन्हाळ्यात वर्गांतल्या जागा भरून जातात. आणि क्रॉसबो घेऊन जाऊ नका. अपंगत्वाचा परवाना नसेल तर आर्चरी सीझनमध्ये तो चालत नाही.

घाटमाथ्यावरची

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी पाटण तालुक्यातली, लग्नानंतर इकडे आले, आता डोंगरापलीकडे वेस्टर्न स्लोपवर राहते. धनुष्याने एल्कचे अकरा सीझन केले, सगळे सरकारी जमिनीवर. चार जनावरं मिळाली. सात वर्षं रिकाम्या हाताने परतले, आणि हे प्रमाण इथे चांगलं समजतात, कारण कोलोरॅडोत धनुष्याने एल्क मिळवणारे साधारण दहात एक असतात. हे आधी सांगते, म्हणजे पहिल्या वर्षी काही मिळालं नाही तर तुम्ही धनुष्य विकून टाकणार नाही.

आधी 50 यार्डांचं. सगळ्यांत जास्त मला यावरच बोलायचंय.

2017 साली, माझ्या चौथ्या सीझनमध्ये, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक बुल (नर एल्क) 54 यार्डांवर आडवा उभा राहिला. रेंजवर मी 60वरही छान मारत होते. बाण सोडला आणि त्याने एक पाऊल पुढे टाकलं, इतकंच. बाणाला तेवढं अंतर कापायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि दोरीचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी पोचतो. बाण फासळ्यांच्या मागे, पोटात गेला. मला तो रानात सापडला तेव्हा त्यावर हिरवट ओल होती आणि आंबलेल्या चाऱ्याचा वास येत होता. त्या क्षणी मागे फिरून सकाळपर्यंत थांबायला हवं होतं. मी चाळीस मिनिटं थांबले आणि माग काढत निघाले. दोनशे पावलांवर तो बसलेला होता. मला पाहून उठला आणि गेला. त्यानंतर दोन दिवस मी आणि नवऱ्याने ती अख्खी उतरण पालथी घातली. तो मिळाला नाही. टॅग वापरला गेला नव्हता, कायद्याने मला पुन्हा शिकार करता आली असती. मी टॅग घडी करून पाकिटात ठेवला आणि घरी आले. माझ्या हिशेबी ते जनावर माझंच होतं.

तेव्हापासून माझी हद्द 35 यार्ड. तुमची पहिल्या वर्षी 30 असू द्या. रेंजवर पाय घट्ट रोवून, श्वास शांत असताना, सपाट जमिनीवर ताटाएवढी जागा सापडते. दहा हजार फुटांवर धाप लागलेली असताना, गुडघ्यावर बसून, तीव्र उतारावर खाली नेम धरताना ती जागा दुप्पट होते. म्हणून आता रेंजवरचे तास कमी करा आणि एकच गोष्ट करा. रोज सकाळी धनुष्य बाहेर काढा, अंग गरम न करता एक बाण मारा, तो कुठे लागला ते वहीत लिहा. फक्त तो पहिला. रानात तेवढा एकच मिळतो. मी एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत हे करते, आणि वहीतली शेवटची तीस पानं बघून त्या वर्षीची हद्द ठरवते.

कायद्याने धनुष्याचा ताण (दोरी खेचायला लागणारा जोर) किमान 35 पौंड लागतो आणि ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं धारदार टोक, किमान पाऊण इंचाच्या वर, म्हणजे सात अष्टमांश इंच रुंद, दोन पोलादी पात्यांचं तरी. माझं धनुष्य 58 पौंडांचं आहे. बाण जड घ्या, 450 ग्रेनच्या (बाणाच्या वजनाचं माप) पुढे. वेगापेक्षा आरपार जाणं महत्त्वाचं. आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं असेल तेव्हाच सोडायचा, पुढच्या पायाच्या मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर. समोरून, कितीही जवळ असो, मी सोडत नाही.

आता वारा. एल्कचे डोळे चुकवता येतात, कान चुकवता येतात, नाक नाही. सकाळी ऊन पडेपर्यंत गार हवा उतारावरून खाली वाहते. नऊ-दहाच्या सुमारास डोंगर तापला की ती वर चढायला लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. कोयनेच्या काठाला गुरं राखायला जायचे तेव्हा तिन्हीसांजेला ओढ्यात जो गारवा पायांवर यायचा तो हाच. पहाटे एल्क कुरणात चरून वरच्या गर्द झाडीत बसायला जातात. त्या वेळी तुम्ही त्यांच्या वरच्या अंगाला असाल तर खेळ संपला. बाजूने चढा, वारा फिरेपर्यंत थांबा, मग वरून या. कमरेला पावडरची छोटी बाटली ठेवा आणि दर काही पावलांनी चिमूटभर उडवून पाहा. नवी माणसं हा कंटाळा करतात.

सीझन 2 ते 30 सप्टेंबर असतो. माज साधारण मध्यानंतर चढतो. बुलची साद पहिल्यांदा ऐकाल तेव्हा विश्वास बसणार नाही: खालच्या घोगऱ्या सुरात सुरू होते, शिट्टीसारखी उंच जाते आणि शेवटी खोकल्यासारखे दोन-तीन हुंकार. सव्वातीनशे किलोच्या जनावराच्या गळ्यातून इतका बारीक आवाज. नव्या माणसाला वाटतं आपणही फुंकावं. पहिल्या वर्षी फुंकू नका. सरकारी रानात त्यांनी सगळ्या दुकानांतल्या शिट्ट्या ऐकलेल्या असतात. मादीची हलकी हाक शिकून घ्या, तीही क्वचित वापरा. बाकी वेळ ऐका, आणि चिखलातल्या लोळणी शोधा. ताजी लोळण असेल तर पाणी गढूळ असतं आणि वास दहा पावलांवरून येतो.

कुठल्या युनिटमध्ये (शिकारीसाठी आखलेल्या विभागात) जायचं ते मी सांगणार नाही, माझंही सांगणार नाही. जुलैत दोन-तीन शनिवार-रविवार पायी फिरा, ते रान तुमचं होईल. व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्ट, गनिसन, सॅन वान, कुठलंही घ्या, पण वायव्येकडचं घ्यायचं असेल तर त्या वर्षीची पुस्तिका नीट वाचा. 2022-23च्या हिवाळ्यात तिकडे बर्फ इतका साचला की जनावरं खूप मेली आणि टॅग कमी करावे लागले. बऱ्याच युनिटांत बुलच्या एका शिंगाला निदान चार फाटे, किंवा कपाळाजवळचा फाटा पाच इंचांचा, हवा. मोजता आला नाही तर बाण सोडायचा नाही.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, जो पहिला असायला हवा होता. एका बुलचं नुसतं मांस ऐंशी-नव्वद किलो भरतं. पुढचे दोन फरे, मागचे दोन फरे, पाठीचे पट्टे, कण्याच्या आतल्या बाजूचं मऊ मांस (टेंडरलॉइन), हे सगळं बाहेर आणणं कायद्याने बंधनकारक आहे. रानात सोडलं तर गुन्हा. एकट्याला चार-पाच फेऱ्या. गाडीपासून दोन मैलांवर पडलं तर चालणं सोळा-वीस मैलांवर जातं, त्यातलं निम्मं ओझ्यासह. सप्टेंबरमध्ये दुपारी ऊन चांगलं तापतं, मांस तासाभरात सावलीत टांगलं नाही तर हाडाजवळून खराब होऊ लागतं. पोट न फाडता बाजूने कातडं सोडवून फरे काढायची पद्धत शिका. कापडी पिशव्या चार न्या, सहा न्या. नर-मादीची खूण एका फऱ्याला नैसर्गिकरीत्या जोडलेली राहू द्यायची, ते विसरू नका. म्हणून पहिल्या वर्षी एकट्याने गाडीपासून दीड मैलाच्या पलीकडे जाऊ नका. पलीकडून बुल ओरडत असला तरी.

डोक्याचा नमुना तपासायला द्या. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा, हरणांना झिजवून मारणारा रोग 1967 साली इथेच, फोर्ट कॉलिन्सला पाळलेल्या म्यूल डिअरमध्ये पहिल्यांदा दिसला. निकाल येईपर्यंत आम्ही मांस फ्रीझरमध्ये ठेवतो, खात नाही.

दुर्वा_पुणे

मी शिकारीच्या विरोधात आहे, आणि ते लपवत नाही. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कुठे सांबर-चितळ परत दिसायला लागले. तिकडे जाऊन आपलीच मुलं धनुष्य घेऊन रानात शिरतात हे वाचून वाईट वाटलं. दुकानात मांस मिळत असताना हे कशासाठी? घाटमाथ्यावरची, तुमची जखमी बुलची हकीकत वाचून तर जास्तच.

घाटमाथ्यावरची

दुर्वा, तुम्हाला वाईट वाटलं ते बरोबरच आहे, त्या बुलच्या बाबतीत मलाही तसंच वाटतं आणि ते जाणार नाही. कोयनेच्या अभयारण्यात कुणी सांबराला बाण मारावा असं मला कधीही वाटणार नाही. तिथली संख्या, तिथला वाघ-बिबट्याचा घास, सगळं वेगळं आहे.

इथलं एवढंच सांगते. शंभर वर्षांपूर्वी बाजारात विकण्यासाठी झालेल्या शिकारीने कोलोरॅडोत एल्क हजाराच्या आसपास उरले होते. वायोमिंगहून रेल्वेने कळप आणून सोडले, शिकारीवर बंधनं आली, आणि आज ते पावणेतीन लाखांच्या वर आहेत. त्यांची मोजणी, रान विकत घेणं, रखवाली, यातला मोठा वाटा लायसन्सच्या पैशातून येतो. 1937च्या फेडरल कायद्यामुळे शिकारीच्या साहित्यावरचा करही त्याच कामाला जातो. मी घेतलेल्या धनुष्यावर 11 टक्के होता. आमच्या घरात वर्षभर दुसरं लाल मांस येत नाही. दुकानातल्या पाकिटामागचं जनावर मी पाहिलेलं नसतं, हे पाहिलेलं असतं. तुमचं मत बदलावं असा माझा आग्रह नाही.

दुर्वा_पुणे

मत बदललं नाही. पण तुम्ही टॅग घडी करून ठेवलात ते लक्षात राहील.

कृष्णाकाठ

ताई, काय लिहू कळत नाही. मनातल्या मनात मी 50 यार्डांवर बुल पाडून मोकळा झालो होतो. आजपासून वही सुरू केली. पहिला बाण, 30 यार्ड: चार इंच डावीकडे. दीड मैलाची हद्द मान्य. टेक्सासच्या मित्राला फोन केला, तो ओझं वाहायला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस येतोय, टॅग न घेता.

एकच विचारतो. बाण लागल्यावर किती थांबायचं हे रानात कळणार कसं?

घाटमाथ्यावरची

मित्र येतोय हे फार बरं झालं.

बाण सोडल्यावर आधी जागेवरून हलू नका. जनावर कुठे उभं होतं, कुठल्या दोन झाडांमधून गेलं, ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पाच मिनिटांनी सगळी झाडं सारखी दिसायला लागतात. अर्ध्या तासाने हळूच जाऊन बाण शोधा. रक्त गुलाबी, बुडबुड्यांचं असेल तर फुप्फुस, जनावर बहुधा दीडशे यार्डांच्या आत पडलेलं असतं. गडद, जवळजवळ तपकिरी असेल तर यकृत, चार-सहा तास थांबा. हिरवं किंवा वास येत असेल तर आल्या वाटेने परत फिरा, दहा-बारा तास. संध्याकाळी लागला असेल तर रात्रभर. झोप येणार नाही, तरी कॅम्पमध्येच राहा.

माग काढताना रक्तावरून चालू नका, त्याच्या बाजूने चाला. दर थेंबाजवळ टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत जा. मागे वळून पाहिलं की ती पांढरी रांग दिशा सांगते, आणि परतताना उचलून घ्या. थेंब दिसेनासा झाला की शेवटच्या थेंबावर मित्राला उभं करा, तुम्ही एकट्याने पुढे अर्धवर्तुळात शोधा. तो तिथून हलता कामा नये.