उद्यमबाग, बेळगाव: सर्व्हरचं तापमान एसएनएमपीवर दिसत नाही

उद्यमबाग_आयटी:
नमस्कार मंडळी. फाउंड्रीच्या ऑफिसात दोन सर्व्हर आहेत. एक डेल पॉवरएज, आयड्रॅक ९ (सर्व्हरच्या आतला देखरेखीचा स्वतंत्र छोटा संगणक), वर विंडोज. दुसरा असेंबल्ड टॉवर, त्यावर डेबियन लिनक्स. रात्री लाईट गेली की यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात, एसी बंद पडतो आणि लाईट आल्यावरही आपोआप सुरू होत नाही. खोली तापायच्या आत मोबाईलवर अलर्ट हवा. झॅबिक्स (देखरेखीचं सॉफ्टवेअर) बसवलंय, ते एसएनएमपीने, म्हणजे नेटवर्कवरून उपकरणांना आकडे विचारायच्या पद्धतीने, माहिती घेतं. डेलकडून रॅम-डिस्क दिसते, डेबियनकडून नाव आणि अपटाइम एवढंच. तापमान कुठेच नाही. काय राहतंय?

निपाणीकर:
दोन्हीकडे कारण वेगळं आहे.

डेलला तुम्ही विंडोजच्या आयपीवर विचारताय. विंडोजच्या एजंटला (एसएनएमपीला उत्तर देणारा प्रोग्रॅम) सेन्सरची माहिती नसते, ती आयड्रॅककडे असते. त्याचा आयपी वेगळा. आयड्रॅक सेटिंग्जमध्ये सर्व्हिसेस, तिथे एसएनएमपी एजंट चालू करा, आणि यूडीपी पोर्ट १६१ वर त्यालाच विचारा. विंडोज अडकलं किंवा सर्व्हर बंद असला, तरी वायरीत करंट आहे तोवर आयड्रॅक उत्तर देतो.

तापमानाचा ओआयडी (कुठला आकडा हवा त्याचा पत्ता): १.३.६.१.४.१.६७४.१०८९२.५.४.७००.२०.१.६. उत्तर २३० आलं तर दचकू नका, ते २३.० अंश आहे. झॅबिक्सच्या प्रीप्रोसेसिंगमध्ये ०.१ ने गुणा. शेवटच्या ६ च्या जागी ८ घातलं की सेन्सरची नावं येतात. आधी ती बघा आणि इनलेट (आत येणाऱ्या हवेचा सेन्सर) कुठला ते ठरवा. ५ घातलं की स्थिती: ३ म्हणजे ठीक, ४ म्हणजे वरची इशारा-मर्यादा ओलांडली, ५ म्हणजे गंभीर.

डेबियनवर एसएनएमपीडीच्या (तिथला एसएनएमपी एजंट) कॉन्फिग फाईलमध्ये 'सिस्टिमओन्ली' नावाचा व्ह्यू, म्हणजे काय दाखवायचं त्याची यादी असते. ती मुद्दामच अगदी थोडी माहिती दाखवते. त्यात .१.३.६.१.४.१.२०२१.१३.१६ ही शाखा 'इन्क्लूडेड' म्हणून जोडा. त्याआधी एलएम-सेन्सर्स पॅकेज टाकून सेन्सर्स-डिटेक्ट चालवा, 'सेन्सर्स' कमांडला आकडे येतात का बघा, मगच एसएनएमपीडी रीस्टार्ट. इथे मिलीअंश येतात: ४५००० म्हणजे ४५. कर्नल बदलल्यावर सेन्सरचा क्रमांक सरकू शकतो, म्हणून झॅबिक्समधला आयटम (मोजायची नोंद) क्रमांकावर नाही, नावावर बांधा.

खानापूर_नेटवर्क:
वरचं बरोबर. फक्त अलर्ट सीपीयूवर लावू नका. लोड आला की सीपीयू ७० वर जाणारच, त्याने झोपमोड होईल आणि मग खरा अलर्टही कोणी बघणार नाही. एसी बंद पडलेला कळतो तो इनलेटवरून. अॅशरेची (वातानुकूलन अभियंत्यांची अमेरिकी संस्था) शिफारस १८ ते २७ अंश. ३० ला इशारा, ३५ ला गंभीर ठेवा. लहान बंद खोली लवकर तापते, त्यामुळे दर ६० सेकंदांनी विचारा. दहा मिनिटांत ५ अंश चढले तर वेगळा ट्रिगर ठेवा. तो ३० च्या आधीच वाजतो.

फाउंड्री म्हणताय म्हणून आणखी एक. इनलेट २४ च आहे, पण पंख्यांचे आरपीएम (मिनिटाचे फेरे) आठवड्यागणिक चढतायत, तर पुढच्या जाळीत धूळ बसलीय. आयड्रॅकवर पंख्यांची शाखा ...७००.१२.१.६. लोखंडाची बारीक धूळ वीजवाहक असते, ती बोर्डावर बसू देऊ नका. ब्लोअर मारताना सर्व्हर बंद, वायर काढलेली, पंखा बोटाने धरलेला. आणि पावसाळ्यात बाहेरची हवा आत ओढणारा पंखा लावू नका, आपल्याकडचा दमटपणा ठाऊकच आहे.

उद्यमबाग_आयटी:
आयड्रॅकवर इनलेट दिसायला लागला! पण अख्खी शाखा वॉक केली (एकेक ओआयडी क्रमाने वाचला) की टाइमआउट येतो. शिवाय ट्रॅप (उपकरण स्वतःहून पाठवतं तो संदेश) लावले तर पोलिंग (ठरावीक वेळाने विचारणं) बंद करू का?

निपाणीकर:
अख्खी शाखा चाळू नका, लागतात तेवढेच ओआयडी मागा आणि टाइमआउट ५ सेकंद ठेवा. पोलिंग चालूच ठेवा. ट्रॅप यूडीपी १६२ वर जातो आणि पोचला की नाही ते पाठवणाऱ्याला कळत नाही. त्या क्षणी स्विच बंद असेल तर तो गेलाच. म्हणून स्विच, राउटर आणि झॅबिक्सचं मशीन त्याच यूपीएसवर घ्या, नाहीतर अलर्ट ऑफिसातच अडकेल. 'पब्लिक' कम्युनिटी (एसएनएमपीचा सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड) काढून एसएनएमपी व्ही३, ऑथप्रिव्ह (ओळख तपासणी आणि एन्क्रिप्शन) वापरा.

यूपीएसला नेटवर्क कार्ड असेल आणि ते स्टँडर्ड यूपीएस एमआयबी (यूपीएसच्या ओआयडींची ठरलेली यादी) देत असेल, तर १.३.६.१.२.१.३३.१.२.२.० वाचा: बॅटरीवर किती सेकंद झाले ते येतं. लाईट असेल तेव्हा शून्य. हा आकडा वाढायला लागला की एसी बंद आहे हे तापमान चढायच्या आधीच कळतं.