अनुभव धागा: डॉसन सिटी, क्लोंडाइकच्या सोन्याचं गाव

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या व्हाइटहॉर्सहून क्लोंडाइक हायवे धरला की सुमारे ५३० किलोमीटरवर, क्लोंडाइक आणि युकॉन नद्यांच्या संगमाशी डॉसन सिटी लागतं. ऑगस्ट १८९६ मध्ये जवळच्या ओढ्यात सोनं मिळालं आणि लाखभर माणसं घरदार सोडून इकडे निघाली. पोचली तीस-चाळीस हजार, आणि तोवर चांगल्या जागा कधीच वाटल्या गेल्या होत्या. आपली मंडळी बरेचदा व्हाइटहॉर्सवरूनच मागे फिरतात, याची हळहळ वाटते. तुम्ही गेला असाल तर इथे लिहा. कुठे जेवलात यापेक्षा कशापाशी रेंगाळलात ते सांगा.

कॅलगरीहून

रस्ते अजून मातीचेच, कडेला फळ्यांची पायवाट. थर्ड अव्हेन्यूवर जुनी लाकडी घरं एकमेकांवर कलंडलेली आहेत. खालची जमीन बारमाही गोठलेली. वर चूल पेटली, घर तापलं की तिच्यातला बर्फ सुटतो आणि पाया खचतो. माझे बाबा निवृत्त ओव्हरसियर. ते घरांच्या दर्शनी भागापेक्षा वाकून पायेच बघत होते, आणि आम्हालाही त्यांनी तसंच बघायला लावलं.

एडमंटनहून

बोनान्झा क्रीक रोडवरचं ड्रेज नंबर ४ चुकवू नका. आठ मजली उंचीचं, लाकडी तळाचं, विजेवर चालणारं हे यंत्र १९१२ मध्ये बांधलं आणि १९५९ पर्यंत चाललं. स्वतः खणलेल्या तळ्यात तरंगत ते पुढची जमीन बादल्यांच्या साखळीने उकरायचं, आत धुऊन सोनं ठेवायचं आणि गोटे मागे टाकायचं. गावात शिरताना दोन्ही बाजूंना दगडांचे वेटोळे ढीग दिसतात, ते अशाच ड्रेजेसनी टाकलेले. फावडं-घमेलं घेऊन आलेल्यांचा काळ दोन-तीन वर्षांतच सरला. १८९९ मध्ये अलास्कात नोमला सोनं मिळाल्याची बातमी आली आणि हजारोंनी गाव सोडलं.

मूळ कोल्हापूर, आता व्हँकुव्हर

डिस्कव्हरी, म्हणजे पहिलं सोनं मिळालं ती जागा, तिच्या वरच्या अंगाला सहा नंबरचा क्लेम (सोनं काढायला आखून दिलेला जमिनीचा तुकडा) पर्यटकांसाठी खुला आहे, सोनं धुवायला पैसे पडत नाहीत. पाटी गोल फिरवताना मला गुजरीतले झारेकरी आठवले. सराफांच्या दारातली माती झाडून नेऊन ते अशीच धुतात. हात तोच, धीरही तोच. मला दोन कण मिळाले. पाणी मात्र इतकं गार की बोटं बधिर झाली.

व्हाइटहॉर्सहून

वरचं सगळं वाचलं, छान आहे, पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. संगमावरची ती जागा इथल्या मूळ रहिवासी ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांची मासेमारीची. गर्दी लोटली तेव्हा त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी आपल्या माणसांना नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला नेलं. गाणी आणि नाच या गदारोळात हरवतील, म्हणून त्यांनी ती अलास्कातल्या नातलगांकडे जपायला दिली. कित्येक वर्षांनी त्यांच्या वंशजांनी ती तिथून परत शिकून घेतली. नदीकाठच्या डॅनोजा झो सांस्कृतिक केंद्रात हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतं. २०२३ मध्ये हा परिसर जागतिक वारसा यादीत आला, तो या लोकांचं नाव पुढे ठेवून: ट्रॉन्डेक-क्लोंडाइक. मी पाहुण्यांना आधी इथे नेते, मग ड्रेजकडे. उलट क्रमाने गेलं की सोन्यापलीकडचं काही मनात उतरत नाही.

टोरांटोहून

@व्हाइटहॉर्स, ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्ही जूनमध्ये गेलो होतो. मध्यरात्रीपर्यंत ऊन, सासूबाई रोज विचारायच्या, दिवेलागण कधी करायची? शेवटी त्यांनी घड्याळात सात वाजले की हात जोडायचं ठरवलं. पुढे अलास्कात जाणाऱ्यांसाठी: युकॉन नदी ओलांडायची फेरीबोट फुकट आहे, पण हिवाळ्यात बंद. टॉप ऑफ द वर्ल्ड हायवेवरचं सीमेचं ठाणं फक्त उन्हाळ्यात आणि दिवसाच उघडं असतं. भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा आधीच हाताशी ठेवा आणि टाकी डॉसनलाच भरून घ्या.