मदत हवी आहे : एकोणीस एकांची संख्या मूळ आहे हे पोरांना कसं दाखवू?

पऱ्हाटी :
घाटंजीकडच्या एका खेड्यात नववी-दहावीची शिकवणी घेतो. मूळ संख्या चालू आहेत. ११ मूळ. १११ ला ३ ने भाग जातो, ३×३७. ११११ = ११×१०१. ११,१११ = ४१×२७१. पोट्टे पेटलेच. सहा एक म्हणजे १११ शेजारी १११, म्हणून १११×१००१, हे त्यांनीच काढलं. म्हणजे एक जितक्या वेळा लिहिला तो आकडाच मूळ नसेल, तर पुढे बघायचं कामच नाही. सात एक जरा रडवतात, तरी २३९×४६४९ निघतं.

मग एक पोरगी म्हणे, "सर, एकोनीस वेळा एक लिवला त भाग जाईन का नाई?" ती मूळ आहे एवढं मी वाचलेलं. तिचा पुढचा प्रश्न, "काऊन?"

मोबाइलच्या स्प्रेडशीटमध्ये टाकली तर पंधरा एक राहतात आणि शेवटी चार शून्यं येतात. हाताने करावं तर वर्गमूळापर्यंत भाग देऊन बघावा लागतो, आणि ते वर्गमूळच १०५ कोटींच्या वर. तेवढ्यात पोरांची दहावी निघून जाईल.

एक गोष्ट मात्र दिसली. २३९ आणि ४६४९, दोघांनाही १४ ने भागलं की बाकी १. ४१ आणि २७१ ला १० ने भागलं तरी १. हा योगायोग आहे का?

बाकीशून्य :
योगायोग नाही भाऊ, यातच उत्तर आहे. समजा मूळ संख्या प ने सात एकांना भाग जातो. मग १०⁷ − १ लाही जातो, कारण ते म्हणजे सात वेळा नऊ, सात एकांच्या नऊपट. म्हणजे १० चे घात प ने भागत गेलं की सातव्या घाताला बाकी १ येते, आणि दर सातांनी पुन्हा येते. मधे कुठेच येत नाही, कारण ७ मूळ आहे. आता फर्माचं छोटं प्रमेय : १० च्या (प − १) व्या घाताला बाकी १ येतेच. म्हणून प − १ ला ७ ने भाग जायलाच हवा. प विषम, म्हणून १४ ने.

एकोणीसला हेच लावा. विभाजक असलाच तर ३८ च्या पटीत एक मिळवून : ३९, ७७, ११५, १५३... अशा संख्या १०५ कोटींपर्यंत पावणेतीन कोटींच्या आसपास. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्णांकाचे अंक कापले जात नाहीत, त्यात एकेका संख्येने भाग देऊन बघणारं चार ओळींचं लूप लिहा. एकाही संख्येने भाग जाणार नाही. एकोणीसनंतर तेवीस एक मूळ, आणि त्यानंतर थेट ३१७.

पऱ्हाटी :
लय झ्याक. पण १११ मध्ये ३७ ला ६ ने भागून बाकी १ येते, ३ ला येत नाही. तो काऊन सुटला?

बाकीशून्य :
१० ला ३ ने भागलं की पहिल्याच घाताला बाकी १. "मधे कुठेच येत नाही" ही अट तिथेच मोडते. एकोणीसात ३ ची भीती नाही, अंकांची बेरीज १९ आहे.