मदत हवी आहे: टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध स्तनात इस्ट्रोजेन या संप्रेरकाला अडवते, मग गर्भाशयात त्याच्यासारखेच का वागते?

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्तनाच्या कर्करोगातील संप्रेरकांच्या कार्यावर टिपण लिहिताना मी एका मुद्द्यावर अडकलो आहे. इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचे प्रमुख रूप) पेशीत शिरून इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फा या ग्राही प्रथिनाला जोडले जाते, त्यामुळे रिसेप्टरची बारावी हेलिक्स (प्रथिन-साखळीचा मळसूत्री भाग) झाकणासारखी मिटते, तिच्यालगत तयार झालेल्या खाचेत सहसक्रियक (जनुके चालू करण्यास मदत करणारी) प्रथिने बसतात आणि सायक्लिन डी१ सारख्या, पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या जनुकांची अभिव्यक्ती वाढते, इथपर्यंतची मांडणी जमली आहे. टॅमॉक्सिफेनच्या सक्रिय रूपाची लांब पार्श्वशृंखला हे झाकण मिटू देत नाही, उलट ती हेलिक्सच खाचेत जाऊन बसते, हेही १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेवरून समजले.

अडचण त्यापुढे आहे. औषध तेच, रिसेप्टर तोच, तरीही गर्भाशयाच्या अस्तरात टॅमॉक्सिफेन पेशींची वाढ घडवते. तिथे एसआरसी-१ या सहसक्रियकाचे प्रमाण अधिक असते, हे स्पष्टीकरण मी वाचले आहे. परंतु खाचच अडलेली असेल, तर ते प्रथिन मुबलक असून काय उपयोग, हे त्यातून उलगडत नाही. रिसेप्टरच्या एन-टोकाकडील (साखळीच्या सुरुवातीकडील) एएफ-१ हा जनुके सक्रिय करणारा भाग या खाचेवर अवलंबून नसतो, म्हणून उत्तर तिथेच असावे असे मला वाटते.

हा प्रश्न कोणत्याही रुग्णाच्या उपचाराविषयी नाही. इंग्रजी शोधनिबंध सुचवल्यास चालतील, मात्र केवळ ‘ऊतीनुसार परिणाम बदलतो’ एवढे उत्तर पुरेसे होणार नाही. एसआरसी-१ थेट एएफ-१ ला जोडले जाते, की त्या दोहोंमध्ये आणखी एखादे प्रथिन दुवा म्हणून काम करते?