विषय: पुरळ उठलं तर औषधाच्या दुकानात काय सांगायचं?

पूर्वीच्या जिल्हा 7 मधून:
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्याहून नुकतेच व्हिएतनाममध्ये, सायगावला आलोय. मुलाच्या मानेवर सकाळी ओरबाडल्यासारखी लाल रेघ होती, संध्याकाळी तिच्यावर पाणी धरलेले फोड. दुकानातल्या बाई 'योय लेओ' म्हणाल्या. फोनवर शोधलं तर नागीण! शाळकरी पोराला नागीण? त्वचेच्या तक्रारींचे इथले शब्द कुणी सांगाल का?

सायगावातल्याच थाओ दिएनहून:
वहिनी, 'योय लेओ' म्हणजे नागीणच, पण इथे 'किएन बा खोआंग'मुळे आलेल्या फोडांनाही लोक सर्रास तेच म्हणतात. हा सेंटिमीटरभर लांबीचा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा किडा. पावसाळ्यात दिव्याच्या ओढीने वरच्या मजल्यांवरही येतो. चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्यातलं पेडेरिन नावाचं विष कातडी भाजून काढतं. चट्टा बहुधा दुसऱ्या दिवशी उठतो, म्हणून किडा कुणाला आठवतच नाही. अंगावर दिसला तर फुंकरीने उडवा आणि जागा साबणाने धुवा. तरी मुलाला डॉक्टरांना दाखवाच. नागीण असलीच, तर विषाणूवरचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालेलं बरं. कुणी हिरवे मूग चावून लावायला सांगतील, ते मुळीच करू नका.

खाज म्हणजे 'ङुआ'. अंगावर पित्त उठलं तर 'मे दाय' म्हणा. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये 'पित्त' टाकलंत तर पोटाचं औषध हातात पडेल. तुंबलेल्या पाण्यातून चालून झालेल्या चिखल्या 'नुओक आन चान', शिबं 'लांग बेन', खरूज 'घे', तारुण्यपीटिका 'मुन चुंग का'.

गजकर्णाला इकडे 'लाक' म्हणतात, आणि त्याच्या बाबतीत फार जपा. स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब घेऊ नका. लाली झटकन उतरते, बुरशी मात्र पसरत राहते. आपल्याकडे भारतातही याच मिश्र मलमांनी गजकर्ण हट्टी करून ठेवलंय. बुरशी म्हणजे 'नाम', पण तो शब्द व्हिएतनामी लिपीत चिन्हांसकट लिहून दाखवा. चिन्हं गळली की त्याच अक्षरांचा अर्थ पाच, वर्ष किंवा दक्षिण असा काहीही होतो.

पूर्वीच्या जिल्हा 3 मध्ये (2025 पासून इथले जिल्हे रद्द झालेत) ङुएन थोंग रस्त्यावर त्वचारोगाचं सरकारी रुग्णालय आहे. टॅक्सीवाल्याला 'बेन व्हिएन या लिएउ' सांगा.

हनोईहून:
ताईंनी दक्षिणेकडचे शब्द दिलेत. उत्तरेत गजकर्ण 'हाक लाव', घामोळं 'झोम साय'. कांजिण्यांना तिकडे 'चाय रा' म्हणतात, आमच्याकडे 'थुई दाउ'. आणि 'या लिएउ' इथे 'झा लिएउ' होतं.

वहिनी, फोड डोळ्याजवळ सरकलेत का? तसं असेल तर उद्यावर टाकू नका, आजच न्या.