जगाचा इतिहास ऐकायचाय, इतिहासकारांच्या गप्पांचे पॉडकास्ट सुचवा

कंबरतलाव :
नमस्कार मंडळी. रोज सकाळी तलावावर चालायला जाते, पाऊण तास. गाण्यांचा कंटाळा आला. जगाचा इतिहास ऐकायचाय, पण एकाच माणसाचं प्रवचन नको. जाणकाराला कुणीतरी प्रश्न विचारतंय, मध्येच अडवतंय, असं हवं.

निमित्त सांगते. लेकीची शाळा सोलापुरातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक बघून आली. घरी येऊन विचारते, "दुसरं महायुद्ध १९३९ ला सुरू झालं ना? मग डॉक्टर १९३८ ला कुठल्या लढाईसाठी चीनला गेले?" मी कढईत मोहरी टाकत "जा, अभ्यास कर" म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून मनाला लागलंय.

मराठी माध्यमाची आहे. इंग्रजी कळतं, पण घाईचं नाही. फुकट असेल तर उत्तम.

सातरस्ता :
डोळे झाकून 'इन अवर टाइम'. बीबीसी रेडिओ ४ वर १९९८ पासून चालू आहे. एक विषय, तीन प्राध्यापक, साधारण पाऊण तास, म्हणजे तुमच्या फेरीच्या मापाचाच. मेल्व्हिन ब्रॅगबुवांनी २०२५ मध्ये सूत्रं खाली ठेवली, पण त्यांचे हजारावर भाग पडून आहेत. प्राध्यापक भरकटला की बुवा सरळ तोडतात. आपल्याकडच्या परिसंवादांत असा एक माणूस हवा होता!

गड्ड्याचापाळणा :
'द रेस्ट इज हिस्टरी' ऐका की. टॉम हॉलंड आणि डॉमिनिक सँडब्रुक. हसून पोट दुखतं.

सातरस्ता :
@पाळणा, मजा आहे, मान्य. पण तिथं बहुतेक वेळा दोघंच बोलतात, पाहुणे कमी. आणि निम्मे विनोद इंग्लंडमध्ये वाढलेल्यालाच कळतात. ताईंच्या अटीत बसत नाही.

कडकभाकरी :
ताई, लेकीचा प्रश्न लई भारी आहे. १ सप्टेंबर १९३९ ही युरोपची तारीख. चीनमध्ये जुलै १९३७ लाच बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि जपानशी पूर्ण युद्ध पेटलं. त्या युद्धासाठी काँग्रेसनं १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यातले एक आपले कोटणीस. डिसेंबर १९४२ मध्ये ते तिकडेच गेले, वय फक्त ३२. म्हणजे पोलंडवर पहिला गोळा पडला तेव्हा ते वर्षभर जखमी सैनिकांमध्येच काम करत होते.

आता सल्ला. कार्यक्रम शोधू नका, इतिहासकार शोधा. पॉडकास्टच्या ॲपमध्ये 'राणा मित्तर' असं इंग्रजीत टाका. चीन-जपान युद्धाचा हा मोठा अभ्यासक, आणि बीबीसी रेडिओवर स्वतः सूत्रसंचालन केलेला, त्यामुळे बोलणं स्वच्छ. वेगवेगळ्या कार्यक्रमांत पाहुणा म्हणून सापडेल. एकच माणूस तीन ठिकाणी ऐकला की कुठल्या सूत्रसंचालकानं त्याला नीट बोलतं केलं ते आपोआप कळतं. मग त्या सूत्रसंचालकाचे बाकीचे भाग धरायचे. मी तर असाच ऐकायलोय दोन वर्षं.

कंबरतलाव :
@कडकभाकरी, काय सांगू! हे रात्री लेकीला वाचून दाखवलं. @सातरस्ता, ब्लॅक डेथवरचा भाग लावला. तलावाला दोन फेऱ्या झाल्या तरी 'प्लेग' सोडून फार काही हाती लागलं नाही.

चाटीगल्ली :
ब्रॅगबुवा पहिल्या दिवशी नकोतच. आधी 'अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन हंड्रेड ऑब्जेक्ट्स' ऐका. २०१० ची मालिका, ब्रिटिश म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर सांगतात. शंभर वस्तू, शंभर भाग, प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या आसपास. बोलणं संथ, एकेक शब्द सुटा. मुख्य निवेदन त्यांचंच असलं तरी मधेमधे तज्ज्ञांना बोलावतात, म्हणजे प्रवचन नाही. तेरावी वस्तू सिंधू संस्कृतीची मुद्रा, शेवटची सौर दिवा. लेकीलाही चालेल.

वेग ०.८ करा. लाज वाटायचं कारण नाही.

जुनीमिल :
टॉवेलच्या धंद्यात आहे, म्हणून माझं घोडं कापसावरच अडतं. 'एम्पायर' ऐकतो, विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद. २०२२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीपासून सुरुवात केली, अभ्यासक पाहुणे बरेच येतात. तक्रार एकच, दरबार आणि सेनापती फार, मागावरचा माणूस कमी. त्यासाठी स्वेन बेकर्ट हे नाव शोधा. हार्वर्डचे प्राध्यापक, कापसाचा जागतिक इतिहास हा त्यांचा विषय. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा थांबला आणि मुंबईत भाव आभाळाला भिडले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. सोलापूरला रेल्वे आली १८६०, जुनी मिल ही कापडगिरणी १८७७. बेकर्टना ऐकताना या तारखा शेजारी ठेवा, मग बघा.

भुईकोट :
अट मोडतोय, कारण हा एकटाच बोलतो : पॉल कूपरचा 'फॉल ऑफ सिव्हिलायझेशन्स', त्यातला विजयनगरचा भाग. विजयनगर हरलं त्या १५६५ च्या लढाईआधी दख्खनच्या सुलतानांची जी सोयरीक जुळली, तिच्यात अहमदनगरच्या चांदबिबीबरोबर आपला सोलापूरचा किल्ला आंदण गेला होता. ऐकताना तेवढं ध्यानात असू द्या.

चाटीगल्ली :
आणि स्कूटरवर कुणी ऐकू नका रे. होटगी रोडला परवाच एकाला वाचवलंय, कानात बोळे घालून मधोमध चालला होता.

कंबरतलाव :
तीन आठवड्यांनी कळवते. वस्तूंची मालिका बावीसपर्यंत आली. मित्तरांचा एक भाग दोनदा ऐकला, दुसऱ्यांदा बराच कळला. रविवारी लेक बरोबर येते. हेडफोन वायरवाला, एक बोंडी तिच्या कानात, एक माझ्या, त्यामुळे दोघींना एका चालीनं चालावं लागतं. ती पुढं पळाली की माझा इतिहास बंद.

आता तिला तुर्कांचं ऐकायचंय. आहे का काही?

जुनीमिल :
'एम्पायर'मध्येच ऑटोमनांची मालिका आहे. आणि ताई, टॉवेलवाल्याचा सल्ला ऐका, ब्लूटूथवाला घ्या.