टपाल खाते संघटनेने बुडवले काय?

काजवा:
काल निवडुंग यांनी लिहिले की, टपाल खाते कुरिअरवाल्यांनी नव्हे तर टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटनेने बुडवले, आणि संप म्हणजे फुकटची सुट्टी. दुसऱ्या वाक्यामुळे हे उत्तर. ११ जुलै १९४६ ला पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतील कर्मचारी संपावर गेले, तेव्हा राज्य इंग्रजांचे होते; २९ जुलैला त्यांच्या पाठिंब्यासाठी कलकत्ता बंद राहिले. १९६० चा पाच दिवसांचा संप डोक्यावर संपबंदीचा वटहुकूम असताना झाला. १९ सप्टेंबर १९६८ चा संप एकाच दिवसाचा, गरजेवर आधारित किमान वेतनासाठी; त्यापायी माझे वडील निलंबित झाले. पुढे कित्येक सकाळी बटवड्याच्या वेळेला ते सवयीने सायकलच्या चाकांत हवा भरत आणि सायकल पुन्हा भिंतीला टेकवून ठेवत. सुट्टी अशी असते?

निवडुंग:
आपल्या वडिलांविषयी आदर आहे. परंतु आपले घड्याळ १९६८ वरच थांबलेले दिसते. मी रजिस्टरने पाठवलेल्या नोटिशीची पोच सुनावणी उलटल्यावर आली. चौकशीला गेलो तर खिडकीवर ‘सर्व्हर बंद’ आणि शेजारच्या भिंतीवर द्वारसभेची, म्हणजे फाटकापाशी होणाऱ्या संघटनेच्या सभेची, सूचना. द्वारसभेला सर्व्हर लागत नाही! शेतकरी आंदोलनाला आणि राजकीय पक्षाला पैसे दिल्याचा ठपका ठेवून २०२३ मध्ये खात्याने टपाल कर्मचाऱ्यांच्या महासंघाची मान्यता काढली, हेही आपण सोयीस्करपणे गाळले.

काजवा:
ठपका ठेवणारे खाते, चौकशी करणारे खाते आणि शिक्षा देणारेही खातेच. संघटना सर्व्हर विकत घेत नाही, एवढे तरी आपणास ठाऊक असावे.

खेडवळ:
आपण दोघेही शहरातल्या पोस्टाविषयी भांडत आहात. माझे मेहुणे शाखा डाकपाल आहेत, म्हणजे ग्रामीण डाक सेवक. पोस्ट त्यांच्याच पडवीत चालते, तिकिटांचा डबा धान्याच्या कोठीवर असतो. कागदावर काम चार-पाच तासांचे, म्हणून मिळतो तो पगार नव्हे, भत्ता. हे नागरी पद आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सांगूनही त्यांना नियमित कर्मचाऱ्यांसारखे निवृत्तिवेतन नाही. आमच्या भागातील सभांत नियमित कर्मचाऱ्यांच्या बढत्यांवर दोन तास आणि डाक सेवकांवर आभारप्रदर्शनापूर्वीची पाच मिनिटे, हे मी स्वतः पाहिले आहे.

निवडुंग:
घ्या, आता घरचाच आहेर!

काजवा:
दुसऱ्याच्या मेहुण्याच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. डाक सेवकांच्या भत्त्याचा आणि सेवाशर्तींचा विचार करणाऱ्या कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींसाठी त्यांनी मे २०१८ मध्ये सोळा दिवस संप केला आणि मंत्रिमंडळाला भत्तावाढ मंजूर करावी लागली. ती कोणा कुरिअरवाल्याने मिळवून दिली?

खेडवळ:
ती डाक सेवकांनी मिळवली. त्या सोळा दिवसांत आमच्या तालुक्याच्या पोस्टातील नियमित कर्मचारी कामावर होते. मेहुण्यांनी न उघडलेली थैली उघडून त्यांनीच टपाल वाटले. पाठिंब्याचे पत्रक मात्र छापून आले होते, कागदही चांगला होता.

काजवा:
हे खरे असेल तर लाजिरवाणे आहे. वडील असते तर त्यांनी त्या थैलीला हात लावला नसता. मात्र यावरून संघटना नको असे ठरत नाही. डाक सेवकाला तिच्यात पहिल्या रांगेत बसवले पाहिजे, असे ठरते.

निवडुंग:
ठीक आहे, १९६८ ची ती सुट्टी नव्हती; तो शब्द मागे घेतो. आता पहिल्या रांगेतल्या कोणीतरी माझ्या पोचपावतीचे तेवढे पाहावे.